ओट्स कुकीज कधी मऊ, कधी कडक: दोष नेमका कुठे शोधावा

तीच पाककृती, तेच साहित्य, तोच ट्रे आणि तोच ओव्हन असूनही ओट्सच्या कुकीजचा एक घाणा मऊ, चघळत राहावासा वाटेल असा उतरतो आणि पुढचा घाणा दातांची परीक्षा पाहतो, ही तक्रार घरी बेकिंग करणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी केलेली असते. मीही ती बरीच वर्षे केली आणि प्रत्येक वेळी दोष पाककृतीला दिला. पाककृती बदलली की एक-दोन घाणे चांगले उतरत, मग पुन्हा कडक कुकीज आणि पुन्हा नव्या पाककृतीचा शोध सुरू होई. अखेर एकाच पाककृतीला चिकटून राहायचे आणि प्रत्येक घाण्याची वजने, वेळ व तापमान वहीत लिहून ठेवायचे असे ठरवले, तेव्हा लक्षात आले की पाककृतीत फारसे काही चुकत नव्हते. दर खेपेला बदलत होते ते कुकीमध्ये शिल्लक राहणारे पाणी. पुढचा सगळा तपास त्या पाण्याचा आहे.

त्याआधी पोताविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. खुसखुशीत, कुरकुरीत, लुसलुशीत, भुसभुशीत, वातड असे पोत सांगणारे शब्द मराठीत भरपूर आहेत, पण चांगल्या ओट्स कुकीचा पोत यांपैकी एकाही शब्दात पुरता बसत नाही. तिची कड किंचित कुरकुरीत असते आणि मधला भाग मऊ असतो. तोडायला गेल्यास ती काडकन मोडत नाही, आधी वाकते आणि मग तुटते. चावल्यावर ओट्सचे दळदार कण दाताखाली लागतात आणि घास लगेच विरघळून जात नाही. केकसारखी लुसलुशीत झालेली कुकी मऊ असली तरी ती ही कुकी नव्हे, आणि चावून जबडा दुखेल अशी वातड झालेली कुकीही नव्हे. हा भेद केवळ शब्दांचा नाही, कारण लुसलुशीतपणा, वातडपणा आणि कडकपणा या तिन्ही दोषांची कारणे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर दोष वाढतो. ‘मऊ झाली नाही’ एवढ्या वर्णनावरून कोणताही उपाय करू नये.

पाण्याचा हिशेब

माझे सध्याचे प्रमाण असे आहे: बटर ११५ ग्रॅम, ब्राउन शुगर १३० ग्रॅम, पांढरी साखर ४० ग्रॅम, एक अंडे आणि त्यावर एक जास्तीचा पिवळा बलक, मैदा १२० ग्रॅम, रोल्ड ओट्स १४० ग्रॅम, मनुका ८० ग्रॅम, अर्धा लहान चमचा बेकिंग सोडा, अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड आणि बटर बिनमिठाचे असल्यास पाव लहान चमचा मीठ. या मिश्रणाचे ४० ग्रॅमचे साधारण १७ गोळे होतात.

आता यात पाणी किती आहे ते पाहू. बटरमध्ये १६ ते १८ टक्के पाणी असते, म्हणजे ११५ ग्रॅम बटरमधून सुमारे १९ ग्रॅम पाणी येते. कवच काढलेले अंडे ५० ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्याचा तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो, म्हणजे ३७ ग्रॅम धरू. जास्तीच्या १८ ग्रॅमच्या बलकात निम्मे पाणी असते, ते झाले ९ ग्रॅम. मैदा, ओट्स आणि ब्राउन शुगर यांच्यात मुळातच असलेला थोडा ओलावा सोडला, तर संपूर्ण मिश्रणात बाहेरून आलेले पाणी जेमतेम ६५ ग्रॅम भरते आणि एका कुकीच्या वाट्याला ४ ग्रॅमही येत नाही. त्यातला काही भाग ओव्हनमध्ये वाफ होऊन जाणारच असतो. हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मला आश्चर्य वाटले, कारण इतक्या तुटपुंज्या पाण्यावर मऊपणा अवलंबून असेल, तर दोन मिनिटे जास्त भाजणे किंवा ३० ग्रॅम मैदा जास्त पडणे या चुका वरकरणी किरकोळ वाटल्या तरी प्रत्यक्षात मोठ्याच ठरतात. केकच्या मिश्रणात पाणी भरपूर असल्यामुळे अशा चुका पचून जातात, कुकीमध्ये त्या पचत नाहीत.

कडक कधी झाली, हा पहिला प्रश्न

कुकी कडक झाली असे कोणी सांगितले, तर मी सर्वप्रथम ती केव्हा कडक झाली हे विचारते. ओव्हनमधून काढलेली गरम कुकी नेहमीच मऊ असते, अगदी करपलेलीसुद्धा, कारण तिच्यातील साखर पातळ पाकाच्या अवस्थेत आणि बटर वितळलेले असते. त्यामुळे त्या क्षणाचा मऊपणा काहीही सिद्ध करत नाही. कुकी तासाभराने पूर्ण निवल्यावरच कडक लागली, तर पाणी भाजताना गेले आहे किंवा मुळातच कमी होते, म्हणजे दोष मापात किंवा ओव्हनमध्ये शोधावा. निवल्यावर ती छान मऊ होती आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी कडक झाली, तर भाजणी बहुधा ठीक आहे आणि दोष साखरेत, ओट्समध्ये किंवा साठवणीत आहे. या दोन तक्रारी एकच समजल्यामुळे पुष्कळ जण डबा बदलत राहतात, जेव्हा गरज ओव्हनची वेळ बदलण्याची असते, किंवा याच्या नेमके उलटे करतात.

निवताच कडक होत असेल तर

इथे दोनच संशयित आधी तपासावेत: मैद्याचे माप आणि भाजण्याची वेळ. माझ्या अनुभवात दहापैकी बहुतेक कडक घाणे या दोघांतच निकाली निघतात.

मैद्याचे माप कपाने घेणे ही कुकीच्या बाबतीत फार बेभरवशाची पद्धत आहे. मैदा चमच्याने हलकेच कपात भरून वरून सपाट केला, तर २४० मिलिलिटरच्या कपात साधारण १२० ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप थेट डब्यात खुपसून दाबून काढला, तर १५० ग्रॅमच्या आसपास मैदा येतो. आमच्या घरी कुकीज करणाऱ्या दोघी आहोत, मी आणि माझी धाकटी बहीण, आणि तिच्या कुकीज माझ्यापेक्षा मऊ का होतात याचे कोडे वजनकाटा आणल्यावर एका मिनिटात सुटले. ती चमच्याने कप भरत असे आणि मी कप डब्यात बुडवत असे. दोघींच्याही लेखी तो ‘एक कप मैदा’ होता. वर केलेल्या हिशेबात ३० ग्रॅम जास्तीचा कोरडा मैदा घालून पाहावा, म्हणजे त्या ६५ ग्रॅम पाण्याचे काय होत असेल ते वेगळे सांगावे लागणार नाही. ओट्सच्या बाबतीतही हेच होते, फक्त फरक थोडा कमी पडतो. ज्यांना या लेखातली एकच गोष्ट करायची असेल, त्यांनी वजनकाटा वापरावा. बाकी सर्व सूचना त्यानंतरच्या आहेत.

मैद्याऐवजी संपूर्ण गव्हाचे पीठ घेतले तरी कुकी कोरडी होते, कारण त्यातील कोंडा जास्त पाणी शोषतो. ते वापरायचेच असेल तर निम्मा मैदा ठेवावा आणि मिश्रणाला विसावायला अधिक वेळ द्यावा.

भाजण्याच्या वेळेकडे वळू. ४० ग्रॅमच्या गोळ्यांना १७५ अंश सेल्सिअसला ११ ते १२ मिनिटे पुरतात, पण मिनिटांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवणे चांगले. कुकीची कड सोनेरी होऊन बसली आहे, मधला तीन-चार सेंटिमीटरचा भाग अजून फिकट आणि कच्चट दिसतो आहे, त्यावरची ओली चकाकी मात्र नुकतीच मावळू लागली आहे, हीच ट्रे बाहेर काढण्याची वेळ असते. या क्षणी मन कचरते आणि ‘अजून दोन मिनिटे राहू द्यावे’ असे वाटते. कुकी बिघडते ती नेमकी त्या दोन मिनिटांत. ट्रेमध्ये साठलेली उष्णता बाहेर काढल्यावरही काम करत राहते, म्हणून कुकीज ५ मिनिटे ट्रेवरच ठेवल्या की मधला भाग शिजून बसतो. त्यानंतर त्या जाळीवर काढाव्यात. ट्रेवर त्या तशाच विसरल्या, तर तळ भाजत राहतो आणि खालून कडक व वरून मऊ अशी विचित्र कुकी मिळते. ओव्हनमध्येच सोनेरी दिसेपर्यंत भाजलेली कुकी निवल्यावर कडक होणार, हे गृहीत धरावे.

ओव्हनचे बटण ज्या आकड्यावर असते, तेच तापमान आत असते असे मानू नये. घरगुती ओव्हनमध्ये १० ते २० अंशांचा फरक ही सामान्य गोष्ट आहे, आणि आत ठेवायचा छोटा तापमापक घेतल्याशिवाय तो कळत नाही. ओव्हन तापल्याची खूण दिवा किंवा आवाज देतो तेव्हा आतील हवा तापलेली असते, पण भिंती आणि जाळी पुरेशा तापलेल्या नसतात. म्हणून त्या खुणेनंतर आणखी दहा-एक मिनिटे थांबणे हिताचे ठरते. तापमान प्रत्यक्षात कमी असेल, तर रंग यायला वेळ लागतो, आपण रंगाची वाट पाहत बसतो आणि तेवढ्या वेळात कुकी वाळते. तापमान कमी ठेवले तर कुकी मऊ राहील, ही समजूत म्हणूनच उलटी पडते. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये फिरती गरम हवा पृष्ठभागावरचा ओलावा लवकर नेते, त्यामुळे तापमान सुमारे २० अंशांनी कमी ठेवावे किंवा शक्य असल्यास पंखा बंद करावा. काळपट ट्रे उष्णता अधिक शोषतो आणि तळ लवकर भाजतो. फिकट रंगाचा अॅल्युमिनियमचा ट्रे आणि त्यावर बटर पेपर ही सर्वांत निर्धोक जोडी आहे.

भाजताना नेमके किती पाणी गेले हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. गोळे मांडलेला ट्रे ओव्हनमध्ये घालण्यापूर्वी वजन करावा आणि कुकीज निवल्यावर पुन्हा करावा. जी घट आली, ती जवळजवळ सगळी वाफ होऊन गेलेल्या पाण्याची असते. एका आवडलेल्या घाण्याची घट एकदा वहीत नोंदवून ठेवली, की पुढच्या कडक घाण्याची तुलना तिच्याशी करता येते. घट नेहमीपेक्षा जास्त असेल तर दोष भाजणीत आहे, आणि घट नेहमीइतकीच असूनही कुकी कडक असेल तर दोष मापात आहे. इतका सरळ निवाडा स्वयंपाकघरात क्वचितच मिळतो.

दुसऱ्या दिवशी कडक होत असेल तर

सादळलेले बिस्कीट आणि कडक झालेली मऊ कुकी या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत: कोरडे बिस्कीट हवेतील ओलावा घेऊन सादळते आणि ओलसर कुकी आपला ओलावा हवेला देऊन वाळते. एवढेच असते तर घट्ट झाकणाच्या डब्याने काम भागले असते. प्रत्यक्षात घट्ट डब्यात ठेवलेली कुकीही दोन दिवसांत कडक होऊ शकते, कारण पाणी डब्याबाहेर न जाता कुकीच्या आतच जागा बदलते आणि साखर आपले रूप बदलते.

मऊ कुकीमध्ये साखर दाट पाकाच्या रूपात असते आणि हाच पाक ओट्स व मैद्याला लवचीकपणे धरून ठेवतो. पांढरी साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज, आणि सुक्रोजची ओढ पुन्हा स्फटिक होण्याकडे असते. पाकातील साखरेचे स्फटिक होऊ लागले की कुकी हळूहळू घट्ट होत जाते. ब्राउन शुगरमध्ये साखर तयार करताना उरणाऱ्या मळीचा अंश असतो. फिकट ब्राउन शुगरमध्ये तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि गडद प्रकारात साडेसहा टक्क्यांच्या आसपास असतो. या मळीत थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, ते सुक्रोजच्या स्फटिक होण्यात अडथळा आणते आणि पाणीही धरून ठेवते. म्हणून माझ्या प्रमाणात ब्राउन शुगर पांढऱ्या साखरेच्या तिप्पट आहे. पांढरी साखर पूर्ण वगळावी असे मात्र मी सुचवणार नाही, कारण कडेचा तो थोडासा कुरकुरीतपणा तिच्यामुळेच येतो आणि ती नसेल तर कुकी कमी पसरते.

मऊपणा तीन-चार दिवस टिकवायचा असेल, तर पांढऱ्या साखरेतील १५ ग्रॅम कमी करून तेवढाच मध घालावा. मधात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज यांचेच प्राबल्य असल्यामुळे तो स्फटिक रोखण्याचे काम चोख करतो. मध लवकर रंग धरतो, हे मात्र लक्षात ठेवावे. पहिल्यांदा मी मधाचा हात सैल सोडला आणि ९ व्या मिनिटाला कडा काळवंडल्या.

ब्राउन शुगर विकत घेताना पाकीट दाबून पाहावे. ती ओल्या वाळूसारखी लागली पाहिजे आणि मुठीत दाबल्यावर तिचा गोळा झाला पाहिजे. तपकिरी रंगाची, पण मोठ्या कोरड्या दाण्यांची साखर कुकीत नीट विरघळत नाही आणि तिच्यात ओलावाही कमी असतो. घरातल्या ब्राउन शुगरचा दगड झाला असेल, तर तिच्यातील ओलावा उडून गेला आहे असे समजावे. तिच्यासोबत ब्रेडचा एक काप घट्ट डब्यात रात्रभर ठेवला, की ती पुन्हा मोकळी होते.

दुसरा पाणी पळवणारा घटक म्हणजे स्वतः ओट्स. रोल्ड ओट्स वाफवून चपटे केलेले असतात आणि त्यांच्यात बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू असतो, जो पाणी घेऊन फुगतो. ओट्सची पेज गार झाल्यावर का घट्ट होत जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या धान्याची तहान परिचित असेल. मिश्रण केल्या केल्या भाजले, तर ओट्सची ही तहान १२ मिनिटांत भागत नाही, आणि मग कुकी डब्यात असताना ते भोवतालच्या पाकातून पाणी ओढत राहतात. त्यावरचा उपाय म्हणजे मिश्रण भाजण्यापूर्वी विसावू देणे. झाकून फ्रिजमध्ये एक तास ठेवले तरी फरक दिसतो. रात्रभर ठेवले तर अधिक. ओट्स आणि मैदा त्या वेळेत पाणी पिऊन घेतात, साखर अधिक विरघळते आणि चवही गडद होते. विसावलेले मिश्रण आधीपेक्षा घट्ट दिसते, ते पाहून त्यात दूध घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. गोळे आधीच करून मग फ्रिजमध्ये ठेवले, तर गार झालेल्या घट्ट मिश्रणाशी झटापट करावी लागत नाही.

झटपट शिजणारे बारीक ओट्स वापरल्यास ते पाणी लवकर आणि सर्वत्र सारखे शोषतात, त्यामुळे कुकी एकजीव, काहीशी केककडे झुकणारी होते आणि दाताखाली येणारा दळदारपणा हरवतो. कापलेल्या टणक दाण्यांचे ओट्स या कुकीसाठी नकोतच, कारण ते इतक्या थोड्या पाण्यात शिजत नाहीत आणि खड्यांसारखे लागतात.

मनुकांचा प्रश्नही इथलाच आहे. डब्यात वाळून गेलेल्या मनुका कुकीतून पाणी शोषतात, म्हणून त्या गरम पाण्यात १० मिनिटे भिजवाव्यात, निथळाव्यात आणि कापडाने नीट टिपून घ्याव्यात. टिपण्याची पायरी गाळली, तर मनुकेभोवती ओले डाग पडतात आणि कुकी तिथेच मोडते.

साठवणीबद्दल थोडक्यात सांगता येईल. कुकीज पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नयेत, कारण आतली वाफ झाकणाला धरते, पाणी होऊन खाली ठिबकते आणि वरचा थर चिकट होतो. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि त्यात दुसरी कुरकुरीत बिस्किटे ठेवू नयेत; दोन दिवसांत बिस्किटे सादळतील, कुकीज वाळतील आणि दोन्ही वाया जातील. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानाला शिजलेले स्टार्च सर्वांत वेगाने घट्ट होते. शिळा ब्रेड फ्रिजमध्ये अधिकच शिळा का लागतो, त्याचे उत्तरही हेच आहे. चार दिवसांपेक्षा जास्त ठेवायच्या असतील तर सरळ फ्रीजरमध्ये ठेवाव्यात.

पसरून पातळ झाली, तर

पातळ पसरलेली कुकी जवळजवळ नेहमीच कडक होते, कारण पातळ थरातून पाणी लवकर उडते आणि मऊ राहायला मधला भागच शिल्लक राहत नाही. म्हणून या दोषाला वेगळे न मानता पाण्याच्याच तपासात धरावे. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. मिश्रण आधीच कोमट असेल, तर ओव्हनमध्ये कड बसण्यापूर्वीच ते वाहू लागते. फेटण्यासाठी बटर १८ ते २० अंशांचे असावे, म्हणजे बोट दाबल्यावर खळगा पडेल, पण बोटाला तेलकट चकाकी लागणार नाही. बटर पूर्ण वितळवून केलेल्या कुकीज अधिक घट्ट आणि चघळण्याजोग्या होतात, आणि मला स्वतःला त्याच अधिक आवडतात; पण तसे केल्यास वितळलेले बटर निवू देणे आणि गोळे फ्रिजमध्ये ठेवणे या दोन गोष्टी टाळता येत नाहीत.

दुसरा घाणा पहिल्यापेक्षा जास्त पसरत असेल, तर गोळे गरम ट्रेवर मांडले गेले आहेत. ट्रे पाण्याखाली धरून गार करावा किंवा दोन ट्रे वापरावेत. ट्रेला बटर लावल्यानेही गोळे घसरून पसरतात. बटर पेपर असताना ते लावण्याची गरजच नसते. याउलट, गोळे अजिबात पसरले नाहीत आणि टेकडीसारखे उभे राहिले, तर मैदा जास्त आहे किंवा गोळे फ्रिजमधून थेट आले आहेत. दुसऱ्या कारणासाठी तळहाताने गोळा थोडा चपटा करणे पुरते.

केकसारखी झाली, किंवा वातड झाली, तर

लुसलुशीतपणाचे पहिले कारण अंड्याचा पांढरा भाग. त्यात सुमारे ९० टक्के पाणी आणि बाकी बहुतांश प्रथिने असतात, त्यामुळे तो मिश्रण फुलवतो आणि मग त्याचा जाळीदार सांगाडा घट्ट करतो. पिवळ्या बलकात मात्र स्निग्धांश आणि लेसिथिन असते, त्यामुळे मऊपणा येतो, फुगवटा येत नाही. दोन पूर्ण अंडी सांगणाऱ्या पाककृतीत एक पूर्ण अंडे आणि एक बलक घालून पाहावे. एवढ्या एका बदलाने कुकीचा स्वभाव पालटलेला मी पाहिला आहे. दुसरे कारण बेकिंग पावडर. तिच्यात आम्ल आधीच मिसळलेले असल्यामुळे ती कुकीला वर उचलते. बेकिंग सोडा ब्राउन शुगरमधील सौम्य आम्लाशी काम करतो, मिश्रण अल्कधर्मी करून रंग लवकर आणतो आणि कुकीला पसरू देतो. सोडा वापरावा, पण मोजून वापरावा. तो जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती दालचिनीनेही झाकली जात नाही. तिसरे कारण म्हणजे बटर आणि साखर फार वेळ फेटून हवा भरणे. केकसाठी ते आवश्यक असते, इथे दोन मिनिटे पुरतात.

वातडपणाचे कारण बहुधा मैदा घातल्यानंतरचे ढवळणे असते. मैद्यातील ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारे प्रथिनांचे जाळे, ढवळण्याने विकसित होते, म्हणून मैद्याचा शेवटचा पांढरा पट्टा दिसेनासा झाला की यंत्र बंद करावे आणि ओट्स व मनुका चमच्याने मिसळाव्यात.

अंडे न घालणाऱ्यांसाठी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठ्या चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून एका अंड्याऐवजी वापरता येते. त्याने पाणी आणि चिकटपणा मिळतो, बलकातील स्निग्धांश मात्र मिळत नाही, त्यामुळे जास्तीच्या बलकाची जागा भरायला १० ग्रॅम बटर अधिक घालावे आणि कुकी थोडी अधिक पसरेल हे धरून चालावे.

तपासाची शिस्त आणि कडक झालेल्यांचे काय

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे. घाणा बिघडला की पुढच्या खेपेला आपण मैदा कमी करतो, मध घालतो, तापमान वाढवतो आणि वेळही कमी करतो. मग कुकी चांगली झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही आणि दोन आठवड्यांनी तीच अडचण पुन्हा समोर येते. त्यापेक्षा संपूर्ण ट्रे भरण्याआधी एकच गोळा भाजून, पूर्ण निववून पाहावा. तो फार पसरला तर उरलेले मिश्रण आणखी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे किंवा त्यात एक मोठा चमचा मैदा मिसळावा. तो कडक झाला तर पुढचा ट्रे एक मिनिट आधी काढावा. बाकीचे सोळा गोळे वाचवण्याची याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

ज्या कुकीज आधीच कडक झाल्या आहेत, त्यांपैकी निव्वळ वाळलेल्या कुकीज परत आणता येतात. घट्ट डब्यात त्यांच्यासोबत ब्रेडचा एक काप रात्रभर ठेवला, तर ब्रेडमधील ओलावा कुकीज ओढून घेतात आणि सकाळी ब्रेड वाळलेला व कुकीज मऊ अशी अदलाबदल झालेली दिसते. लगेच खायची असेल, तर एक कुकी मायक्रोवेव्हमध्ये ८ ते १० सेकंद गरम करावी. ती निवली की आधीपेक्षा कडक होते, म्हणून एका वेळी एकच. जास्त भाजल्यामुळे कडक झालेल्यांवर मात्र ब्रेडचा उपाय अर्धवटच चालतो. त्या चुरून दह्यावर किंवा आइस्क्रीमवर घालाव्यात आणि नव्या घाण्यासाठी फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेले गोळे काढावेत. ते वितळवण्याची गरज नसते, गोठलेल्या स्थितीतच ट्रेवर मांडून नेहमीच्या वेळेपेक्षा एक ते दोन मिनिटे जास्त द्यावीत.